गाठ कुणाच्या नाळेला

"गाठ मुलाच्या नाळेला होती, म्बाह."

"मुलीच्या."

"मी स्वतः बघितली. कापायच्या आधी. मुलाच्याच."

"मग मी काय स्वप्नात बघितली? ह्या बोटांनी धुतली मी. मुलीची वार, मुलीची नाळ, आणि नाळेला गाठ. चिंचोक्याएवढी."

"चिंचोक्याएवढी, बरोबर. आणि मुलाच्या."

"बू बिदान, तुम्ही शहरातनं आलात तेव्हा वार कुठल्या बाजूनं धरून धुवायची तेसुद्धा तुम्हाला माहीत नव्हतं. आता मला मुलगा-मुलगी शिकवा!"

बाळंतघराच्या मागच्या मोरीत हे चाललं होतं आणि मी तिथंच दोरीवर चादरी वाळत घालत होते. बाळंतघरातल्या चादरी धुणं हे माझं काम. दोघींपैकी एकीलाही मी तिथं असल्याचं भान नव्हतं. असतं तरी त्या थांबल्या नसत्या. बू इस्ती, म्हणजे इस्तीबाई, आमच्या गावची सरकारी बिदान, शिकलेली सुईण, हातात हेल्मेट घेऊन उभी होती. डोक्यावरनं काढलेलं हेल्मेट खाली ठेवायचं ती विसरली होती. आणि म्बाह सालियेम, म्हणजे सालियेम आजी, आमची जुनी सुईण, पाटावर बसून स्वच्छ असलेला तांब्या परत घासत होत्या.

"मला हे सुगेंगनं सांगितलं," बू इस्ती म्हणाली. "सकाळी चाक पंक्चर होतं म्हणून त्याच्या दुकानात गेले. म्हणतो कसा, 'बू, म्बाह म्हणाल्या, माझ्या लेकीच्या नाळेला गाठ आहे. ही पोरगी घर सोडून लांब जायची नाही, म्हातारपणी मला गरम भात वाढणार.' चार गिऱ्हाइकं उभी होती. चौघांना त्यानं परत परत सांगितलं. आणि मी तिथं बावळटासारखी उभी. कारण सुगेंगच्या लेकीची नाळ सरळ होती, म्बाह. कासऱ्यासारखी. गाठ होती शेजारच्या मार्सितींच्या नातवाच्या नाळेला."

"सुगेंग पंक्चर काढतो, त्याला नाळेतलं काय कळतं!"

"त्याला तुम्हीच सांगितलंत ना?"

म्बाह तांब्या घासत राहिल्या.

बू इस्तीनं हेल्मेट शेवटी माझ्या बादलीत ठेवलं, ओल्या चादरींवर. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या दोन घमेल्यांतलं एक काढलं आणि म्बाहांच्या तोंडापुढं धरलं.

"हे कुठलं?"

"कुठलं म्हणजे? घमेलं."

"रंग कुठला?"

"मला शाळेत घालतेस काय गं, पोरी?"

"म्बाह, काल दोन्ही बाळंतपणं एकाच सकाळी झाली. दोन्ही वारा मी ह्या दोन घमेल्यांत ठेवल्या आणि तुम्हाला म्हणाले, हिरव्यात मुलीची, निळ्यात मुलाची. म्हणाले की नाही? मग सांगा. हे कुठलं?"

म्बाहांनी घमेल्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी सुद्धा बघत राहिले, ओल्या चादरीचं पाणी माझ्या पायावर गळत होतं.

"निळं," म्बाह म्हणाल्या.

ते हिरवं होतं. केळीच्या कोवळ्या पानासारखं हिरवं.

 बू इस्तीनं घमेलं परत खिळ्याला टांगलं, हळू, आवाज होऊ न देता, जणू आत कुणी झोपलंय. ते टांगणंच उत्तर होतं. म्बाहांनी दोन्ही हात कमरेच्या सारोंगला पुसले. हात कोरडे होते.

"आत्ताच्या आत्ता जाऊन दोन्ही घरी सांगते," त्या म्हणाल्या.

"अजिबात नाही."

"वार म्हणजे भाऊ, बू. धाकटा भाऊ! पोरासोबत येतो, पोरासाठी मरतो. तो दुसऱ्याच्या दारात पुरलाय. मी पुरायला लावलाय!"

"आणि मार्सितींच्या विजीचे पाय बघितलेत? दिवस भरत आलेत तिचे. अंगठा दाबला तर खड्डा पडतो, भरून येत नाही. प्रेशर चढलंय. ती इथं आली तर वेळ येताच गाडीत घालून मी तिला मोठ्या दवाखान्यात नेईन. घरी राहिली तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. बाळंतघरात वारांची अदलाबदल झाली असं एकदा कळू दे, बू मार्सिती लेकीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत. ती एकटीच कशाला? कुणीच येणार नाही."

म्बाह उठल्या. पाटाला पाय अडखळला. भिंतीला हात लावत लावत गेल्या, आणि आम्हा दोघींना तेव्हा कळलं की ती भिंतीला हात लावत जायची त्यांची सवय आम्ही कितीतरी दिवस बघत होतो. आम्हाला वाटायचं, गुडघे.

आता म्बाह कोण हे सांगायला हवं.

आमच्या गावात, करंगसारीत, वर तंबाखूचं शेत आणि खाली नदी, मध्ये आम्ही. ह्या मधल्या माणसांतली निम्मी म्बाह सालियेमच्या हातात पडलेली. ती माणसं आता मिशा ठेवून फिरतात, मोटरसायकली उडवतात, पण म्बाह समोर आल्या की त्यांच्या माना आपोआप खाली जातात, कारण म्बाह भर बाजारात काहीही बोलू शकतात. आमच्या सरपंचाला त्या एकदा म्हणाल्या होत्या, "तू उलटा आलेलास. जन्मतानाच आधी ढुंगण दाखवलंस गावाला, आता तोंड तरी दाखव." रस्त्याचं काम पुढच्याच आठवड्यात सुरू झालं.

सुईणपण त्यांना सासूकडून मिळालं. नवरा माडावरून पडून गेला, मूलबाळ झालं नाही. कुणी त्यावरून बोललं तर म्हणायच्या, "मला नाही कसं? ही सगळी कुणाची?" बोटं त्यांची लांब, पातळ, आणि गरम. पोटावर हात ठेवला की बायकांचं रडणं थांबायचं. आमच्याकडं बायका म्हणायच्या, म्बाहांच्या बोटांना डोळे आहेत. आज ते वाक्य आठवलं की मला कसंतरी होतं.

बाळंतिणी तेव्हा दगावत नव्हत्या असं नाही. दगावत होत्या. म्बाहांच्या हातूनही. त्यांची नावं म्बाह घेत नसत, त्यांच्या घरांवरून जाताना मात्र चाल बदलायची.

मग नियम आला की सुईणींनी बाळंतपण करायचं नाही, बाळंतघरातच जायचं. बू इस्ती आली, तेव्हा कोवळी पोर, पावडर लावलेली. म्बाहांना कागदोपत्री 'सोबतीण' नाव मिळालं आणि त्या नावाचा एक टी-शर्ट. म्बाहांनी तो टी-शर्ट फणसाच्या झाडावर वटवाघळांना घाबरवायला टांगला. "जन्मभर मी गावाची आई, आता सोबतीण. उद्या करवली म्हणा!"

पण बायका बाळंतघरात जाईनात. कारण वार. बू इस्ती बिचारी शहरात शिकलेली, तिनं मागं एक खड्डा खणून ठेवला होता, सगळ्यांच्या वारा त्यात. हे ऐकून मार्सितींची थोरली सून कळा चालू असताना खाटेवरून उतरून, सारोंग सावरत, घरी पळाली होती. ती बांधावरून पुढं, बिदान मागं, आणि तिच्या मागं नवरा! माणसाचा भाऊ कुणी खड्ड्यात टाकतं का? वार कशी, नीट धुवायची, मडक्यात ठेवायची, मीठ, हळद, फुलं घालायची. मुलगा असेल तर पेन्सिल, मुलगी असेल तर सुईदोरा, आणि हल्ली मुलीलाही पेन्सिल. मग बापानं अंगावर धड कपडे घालून, मडकं उपरण्यात कडेवर घेऊन, मागं न बघता घरी न्यायचं आणि दाराशी पुरायचं. मुलाची उजवीकडं, मुलीची डावीकडं. वर टोपली पालथी आणि महिनाभर दिवा. हल्ली बल्ब. बापानं वाटेत मागं बघितलं तर पोर चकणं होतं. आमच्या गावात चकणं पोर दिसलं की बायका बापाकडं बघतात.

तेव्हा म्बाह एक दिवस आपणहून बाळंतघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अंगावर टी-शर्ट. वटवाघळांनी दोन भोकं पाडलेला.

"पोर तुमचं," त्या बू इस्तीला म्हणाल्या, "वार माझी."

एवढाच करार. त्यानंतर म्बाह घरोघर फिरल्या. "जा गं, ती पोरगी बरी आहे. हात गार आहेत, पण शिकेल. रक्त थांबवायचं औषध आहे तिच्याकडं, माझ्याकडं नव्हतं." हे शेवटचं वाक्य म्हणताना त्या दुसरीकडं बघायच्या. बायका जाऊ लागल्या. तेव्हापासून आमच्या गावात एकही बाळंतीण दगावलेली नाही. हे श्रेय बू इस्तीचं, पण बायका गेल्या त्या म्बाहांच्या शब्दावर. दोघींना ते ठाऊक होतं, आणि म्हणून दोघी रोज भांडायच्या.

आणि म्हणून त्या गाठीचं दोघींना एवढं लागलं.

म्बाह दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुगेंगच्या दारात आल्या. माझं घर त्याच्या समोरच. दाराच्या डाव्या बाजूला पालथ्या टोपलीखाली बल्ब पेटलेला, आणि सुगेंग त्याच्याजवळ उकिडवा बसून टोपलीवर पत्र्याचं छप्पर ठोकत होता.

"म्बाह! या, या. बघा, पाऊस आला तरी थेंब जाणार नाही आत. आमच्या गाठीला!"

"सुगेंग, मला जरा बोलायचंय."

"आधी केळ्याची भजी खा. ए, म्बाह आल्यात, गरम आण! म्बाह, माझी सासू काय म्हणते माहितेय? नाळेला गाठ म्हणजे आईबापाला कधी विसरायची नाही. माझा थोरला बघा, समुद्रापलीकडं कालिमंतानला गेला तो गेला, फोनसुद्धा उचलत नाही. ह्या पोरीचं तसं नाही ना होणार? तुम्ही सांगितलंत तेव्हा खरं सांगतो, मी दुकानामागं जाऊन रडलो."

"सुगेंग—"

"हां?"

म्बाहांच्या हातात पानावर भजी आली. त्यांनी एक खाल्लं. बल्बकडं तोंड करून उभ्या राहिल्या, अगदी जवळ, जसं कुणी थंडीत चुलीजवळ उभं राहतं.

"छप्पर चांगलं केलंस," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या.

"बोलायचं होतं ना?"

"हेच. पत्रा गंजला नाही ना, ते बघ."

दुसऱ्या दिवशी बाळंतघरात बू इस्तीनं विचारलं, "सांगितलंत?" म्बाह म्हणाल्या, "भजी खाल्ली." बू इस्तीचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तिला त्याची लाज वाटली. मला दिसलं ते. नव्या चादरीवर नसलेला डाग शोधत बसली ती.

पाचव्या दिवशी मार्सितींच्या घरी बाळाचं नाव ठेवायचं होतं. बू मार्सिती म्हणजे आमच्या गल्लीतला खणखणीत आवाज. कसाव्याचे पापड विकतात, आणि भाव करणाऱ्याला उभं सोलतात. सून वेनिंग बाळंतीण, आणि लेक विजी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. नवरा तिचा लांब कामाला.

पुरुष ओसरीवर चटयांवर, बायका आत. लाल आणि पांढरी गोड पेज वाट्यांत भरून ठेवली होती. नारळ घातलेल्या उकडलेल्या भाज्या, सोयाबीनचं तळलेलं टेंपे, अंडी. सुगेंग शेजारी म्हणून आलेला, दोन वाट्या संपवून तिसरीकडं बघत होता. बू इस्ती प्रेशरचं यंत्र पिशवीत घेऊन आली होती. समारंभात पाहुणी म्हणून यायचं आणि हळूच विजीचा दंड धरायचा, हा तिचा बेत. म्बाह दाराजवळ बसल्या होत्या, येणं त्यांना टाळता आलं नव्हतं, कारण बाळाचं नाव पहिल्यांदा त्याच्या कानात त्याच सांगतात.

बाळ रडत होतं. रडत म्हणजे, ओरडून ओरडून लाल.

"दोन दिवस झाले, नीट दूध ओढत नाही," बू मार्सिती म्हणाल्या. "आणि मान सारखी त्या बाजूला. त्या बाजूला काय आहे एवढं?"

"माझं दुकान!" सुगेंग बाहेरून ओरडला. "पंप मारून हवाय का विचारा त्याला!"

लोक हसले. म्बाह हसल्या नाहीत.

"छातीशी आडवं धरलंय म्हणून मान वळतेय," बू इस्ती म्हणाली. "वेनिंग, उशी घे. मी दाखवते कसं—"

"उशीनं काय होतंय, बू! मडकं कलंडलं असणार खाली. परवा कोंबड्या उकरत होत्या तिथं. भाऊ कलंडला की पोराला चैन पडत नाही. म्बाह, तुम्ही बघा बरं. ए, फावडं आण रे, म्बाहांसमोर सरळ कर."

वेनिंगचा नवरा फावडं घेऊन आला. म्बाहांना दोन बायकांनी हाताला धरून दाराच्या उजव्या बाजूला नेलं. टोपली बाजूला केली. बल्ब दिवसाही पेटलेला होता. म्बाह मातीवर हात ठेवून बसल्या. सगळे गोळा झाले, बू मार्सिती कमरेवर हात ठेवून पुढं.

त्यांनी काही करायची गरज नव्हती, हे मी तुम्हाला सांगते. फावड्यानं जरा माती उकरायची, मडकं हलवल्यासारखं करायचं, दोन शब्द पुटपुटायचे, टोपली परत. वेनिंगला बू इस्तीनं उशी दिलीच होती. बाळ अर्ध्या तासात प्यालं असतं, आणि गावानं म्हटलं असतं, बघा, म्बाहांचा हात.

"फावडं ठेव," म्बाह म्हणाल्या. "मडकं सरळ आहे."

"मग?"

"आतलं तुमचं नाही."

"काय आमचं नाही?" बू मार्सिती खाली वाकल्या.

"वार. तुमच्या नातवाची नाही ती. सुगेंगच्या पोरीची आहे."

सुगेंगच्या तोंडात टेंपे होतं. तो तसाच म्हणाला, "मग माझ्याकडं कोण आहे?"

"ह्यांचा."

"मी परक्या पोरावर पत्रा ठोकला?" मग त्याला दुसरी गोष्ट आठवली, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. "म्हणजे... गाठ?"

"गाठ ह्यांच्या पोराची."

"म्बाह, मी अख्ख्या बाजाराला सांगितलंय!"

ह्यावेळी कुणी हसलं नाही. बू मार्सिती सावकाश सरळ झाल्या आणि म्बाहांवरून नजर उचलून थेट बू इस्तीवर ठेवली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

बू इस्तीच्या हातात प्रेशरच्या यंत्राची पट्टी होती. ती तिनं गुंडाळली, उलगडली.

"होतं."

"कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"आणि आमच्या दारात येऊन आमची पेज खाताय."

"बू मार्सिती, मी—"

"पट्टी ठेवा खाली! अहो, माझी आई घरात बाळंत झाली. मी ह्याच घरात तीनदा झाले. एक बाई, एक वार, एक दार! कुणाची कुणाला गेली नाही. तुमच्याकडं काय, खाणावळ आहे? ह्याची ताटली त्याला?" त्या वळल्या. "विजी कुठंही जाणार नाही. ह्याच घरात. ऐकलंत सगळ्यांनी?"

"तिचं प्रेशर—" बू इस्ती म्हणाली.

"प्रेशर तुमच्यामुळं चढतंय! तुम्ही पट्टी बांधली की चढतं." आणि मग बू मार्सिती म्बाहांसमोर गुडघ्यावर बसल्या, आणि त्यांचा तो पापड विकण्याचा आवाज मऊ झाला. "म्बाह. झालं ते झालं. तुमची काय चूक? बाजारच मांडलाय त्यांनी तिथं, माणूस गोंधळणारच. तुम्ही इथं या. विजीला तुम्ही सोडवा. पूर्वीसारखं. माझी तीन तुम्हीच काढलीत ना?"

मी म्बाहांकडं बघत होते. त्यांची पाठ हळूहळू सरळ झाली. खांदे मागं गेले. गळ्याशी रंग चढला. किती वर्षांनी कुणी त्यांना 'या' म्हणालं होतं! वार धुवायला नव्हे. बाळंतपणाला. टी-शर्टच्या आधीच्या म्बाह क्षणभर आमच्यात येऊन बसल्या, आणि बायकांच्या डोळ्यांत मला दिसलं, त्या सगळ्यांना त्या हव्या होत्या.

"तुम्ही असाल तर मला भीती नाही वाटणार, म्बाह," विजी दारातून म्हणाली. तिचा चेहरा सुजलेला होता, बाहुलीसारखा.

 बू इस्तीचा बोलायचा हक्क आत्ताच गेला होता. ती फक्त म्बाहांकडं बघत होती, आणि त्या बघण्यात इतकी विनवणी होती की मला तिच्याकडं बघवेना.

"विजी, इकडं ये," म्बाह म्हणाल्या. "पाय दे."

विजी भिंतीला टेकून बसली. म्बाहांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला, धरून ठेवला, उचलला. मग त्याच जागी बोटाच्या टोकानं चाचपलं. खड्डा तसाच. त्यांनी परत चाचपलं. तसाच.

"मी येणार नाही," त्या म्हणाल्या.

"का?" बू मार्सिती उसळल्या. "ह्या बाईनं दम दिलाय का तुम्हाला? सांगा, बघते मी!"

"तिनं काही केलं नाही. तिनं नीट सांगितलं होतं. हिरव्यात मुलीची, निळ्यात मुलाची."

"मग?"

"मला दोन्ही घमेली एकच दिसली."

कुणाला कळलं नाही. वेनिंगच्या नवऱ्याच्या हातात अजून फावडं होतं.

"एकच म्हणजे?"

"एकच. मळकी, पिवळी. सगळंच तसं दिसतं. ही पेज लाल कुठली, पांढरी कुठली, मला माहीत नाही. तुम्ही कोण कुठं बसलाय ते आवाजावरून. बाळाला मी हुंगते ना, तुम्ही म्हणता म्बाहांना किती माया! मला तोंड दिसत नाही त्याचं. जवळ गेल्याशिवाय."

"पण... विचारायचं ना!" सुगेंग म्हणाला. "कुठलं हिरवं म्हणून विचारायचं!"

म्बाहांनी त्याच्या आवाजाकडं मान वळवली.

"लाज वाटली," त्या म्हणाल्या. "वार तेवढी उरली होती माझ्याकडं. रंग विचारला असता तर तीही गेली असती."

आतून बाळाचं रडणं थांबलं. वेनिंगच्या मांडीवर उशी होती.

"विजीला इथं ठेवू नका," म्बाह म्हणाल्या. ह्या वेळी त्यांचा आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "बाईचं पाणी जातंय की रक्त जातंय, हे मला हात बुडवल्याशिवाय कळत नाही आता. तेवढ्या वेळात बाई जाते. हिला गाडीत घाला. आज. इस्तीबरोबर. माझं नाव सांगून कुणी हिला अडवू नका."

बू मार्सितींनी लेकीकडं बघितलं. मग बू इस्तीकडं, आणि मान हलवली, एकदाच, रागानं. बू इस्ती यंत्र पिशवीत कोंबून विजीच्या बाजूला गेली. विजीची पिशवी कुणीतरी आणायला धावलं. सुगेंग गाडी बघायला गेला.

आणि मग, सगळं मार्गी लागल्यावर, बू मार्सितींच्या मनात ते आलं. ते आलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मला वाटलं, नको, विचारू नका.

"म्बाह," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "कधीपासून?"

म्बाह उठत होत्या. तशाच अर्ध्या उठलेल्या राहिल्या.

"दिसत नाही, ते कधीपासून?"

ओसरीवर आणि आत, जिथं जिथं कुणाचं पोर होतं, तिथं तिथं एक एक आई आपल्या पोराकडं बघू लागली. कुणाचा अंगठा वाकडा. कुणाचं एक पोर राहिलं नव्हतं, ती नुसतीच जमिनीकडं बघत होती. माझ्या मधल्याची बेंबी वर आलेली आहे. काही मुलांची तशीच असते, बू इस्तीनं मला दहादा सांगितलंय. आणि तो झाला तेव्हा म्बाह सुईत एका दमात दोरा ओवायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. तरी माझा हात त्याच्या सदऱ्याखाली गेला.

म्बाहांना हे दिसत नव्हतं. पण आम्ही कुणी बोलत नव्हतो, आणि ते त्यांना ऐकू येत होतं.

त्यांनी उंबऱ्याबाहेर पायानंच चपला शोधल्या. एक सापडली, दुसरी सापडेना. कुणी पुढं केली नाही. मग ती एकही त्यांनी तिथंच सोडली, कुंपणाच्या काठीला हात लावला, आणि काठी काठी करत रस्त्याला लागल्या.